आसगाव सापडत नाही तेव्हा : टेक्स्ट एडिटरमधल्या स्क्रिप्टच्या चुका शोधण्याविषयी प्रस्तावना

टेक्स्ट एडिटरमधली स्क्रिप्ट म्हणजे हाताने करायच्या दुरुस्त्यांची क्रमाने लिहून ठेवलेली यादी. हा शब्द शोध, त्या जागी तो घाल, ओळ इथे तोड, रिकामी जागा काढून टाक, एवढेच ती करते. नोटपॅड प्लस प्लस, व्हिम, व्हीएस कोड हे एडिटर अशी स्क्रिप्ट आतूनच, काही वेळा पूरक प्लगिन घेऊन, चालवू देतात. वर्ड आणि लिब्रे ऑफिसमध्ये याच कामाला मॅक्रो म्हणतात. हजार ओळींची यादी हाताने सुधारायला दोन दिवस लागतात, स्क्रिप्टला काही क्षण. पण हातून एखादी ओळ चुकते, तेव्हा ती एकच चुकते. स्क्रिप्ट चुकते तेव्हा तीच चूक हजार ओळींत सारखी पसरते, आणि पुष्कळदा पडद्यावर दिसतही नाही. मराठी मजकुरात हा धोका अधिक, कारण पडद्यावर दिसणारे अक्षर आणि फाइलमध्ये साठवलेले अक्षर यांत मराठीच्या बाबतीत बरेच अंतर पडू शकते. चूक शोधायची ती या अंतरात.

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातले आसगाव हे उदाहरण म्हणून सोयीचे आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातल्या धानाच्या चौरास पट्ट्यातले हे गाव. आसगाव नावाची गावे आणखीही आहेत, गोव्यात बार्देश तालुक्यातही एक आहे, म्हणून कागदोपत्री या गावाचे नाव चौरासचा संक्षेप जोडून ‘आसगाव (चौ.)’ असेही लिहिले जाते. आता समजा, शेतकऱ्यांच्या पत्त्यांची एक जुनी यादी आहे आणि प्रत्येक ओळीत ‘मु. पो. आसगाव (चौ.), ता. पवनी, जि. भंडारा’ असे काहीतरी आहे. ही यादी जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, आणायची, संक्षेप उलगडायचे आणि गावाचे नाव सगळीकडे एकसारखे करायचे. काम साधे दिसते. पण स्क्रिप्ट ज्या ज्या ठिकाणी अडखळते, त्यांतली बहुतेक ठिकाणे या एका ओळीत आहेत.

सुरुवात जुन्या फाँटपासून. युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर कृतिदेव, शिवाजी अशा फाँटांत किंवा श्रीलिपी, आयएसएम अशा सॉफ्टवेअरमधून टाइप होत असे, आणि टायपिंगच्या दुकानांतून आजही तो सापडतो. कृतिदेवची कळरचना रेमिंग्टन टंकयंत्राची आहे. या फाँटमध्ये देवनागरी अक्षर मुळात साठवलेच जात नाही. साठतात रोमन अक्षरे, आणि फाँट त्यांच्यावर देवनागरीचे चित्र चढवतो. ‘आसगाव’ हा शब्द व्ही, के, एल, एक्स, के, ओ अशा सहा लहान रोमन अक्षरांचा असतो. व्ही म्हणजे अ, के म्हणजे काना, एल म्हणजे स, एक्स म्हणजे ग, ओ म्हणजे व. साध्या टेक्स्ट एडिटरला फाँटची माहिती ठेवता येत नाही, त्यामुळे हा मजकूर तिथे चिकटवला की मराठीचा मागमूस राहत नाही, नुसती रोमन अक्षरे उरतात. रूपांतराची स्क्रिप्ट या अक्षरांच्या जागी युनिकोडची देवनागरी अक्षरे बसवते.

पहिली मोठी चूक इथेच होते, आणि ती क्रमाची असते. कृतिदेवमध्ये मोठा एच म्हणजे भ्, पाय मोडलेला. त्यापुढे के आला की दोन्ही मिळून पूर्ण भ होतो. म्हणजे के हे अक्षर कधी काना असते, तर कधी नुसता भ पूर्ण करणारी उभी रेघ. स्क्रिप्टने आधी सगळ्या केंचा काना केला, तर ‘एच-के’ ही जोडी पुढे सापडणारच नाही. मग भ् आणि काना शेजारी येतात आणि जिल्ह्याचे नाव ‘भ्ांडारा’ होऊन बसते. थ, ख, ध यांचीही गत अशीच. म्हणून बदलांच्या यादीत लांब जोड्या आधी, सुटी अक्षरे नंतर. रूपांतर केलेल्या मजकुरात पायमोडक्या अक्षराला काना चिकटलेला दिसला, की यादीचा क्रम तपासावा. बाकीची स्क्रिप्ट वाचत बसण्याची गरज नसते.

‘भ्ांडारा’ निदान डोळ्यांना खुपतो. आसगावच्या बाबतीत तीच चूक दिसत नाही, आणि म्हणून ती जास्त वाईट. ‘व्ही-के’ या जोडीचा आ करायचा असतो. तो नियम राहून गेला किंवा खाली पडला, तर व्हीचा अ होतो, केचा काना होतो, आणि अ व काना मिळून पडद्यावर पुष्कळ फाँटांत हुबेहूब आ उमटतो. वाचणाऱ्याला ‘आसगाव’ दिसते. संगणकाच्या लेखी मात्र तो वेगळा शब्द आहे. युनिकोडमध्ये अ चा क्रमांक ०९०५, आ चा ०९०६ आणि कान्याचा ०९३ई. खऱ्या ‘आसगाव’मध्ये पाच घटक आहेत : आ, स, ग, काना, व. चुकीच्या रूपात सहा. कोणी कीबोर्डवरून आसगाव टाइप करून यादीत शोध घेतला तर एकही नोंद सापडत नाही, आणि नाव तर समोर दिसते आहे. मराठी वृत्तसंकेतस्थळांच्या जुन्या मजकुरातही ‘आणि’, ‘आहे’ हे शब्द अशा फुटलेल्या आ सह सापडतात.

ही चूक पकडायची तर अक्षराच्या चित्राकडे न बघता त्याच्या क्रमांकाकडे बघावे लागते. वर्डमध्ये अक्षराच्या लगेच पुढे कर्सर ठेवून ऑल्ट आणि एक्स दाबले की अक्षराच्या जागी त्याचा क्रमांक दिसतो. पुन्हा दाबले की अक्षर परत येते. व्हिममध्ये अक्षरावर कर्सर ठेवून जी आणि ए या कळा दाबल्या की त्या अक्षराचा आणि त्याला चिकटलेल्या चिन्हांचा क्रमांक खालच्या ओळीत येतो. पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत शब्दाची लांबी विचारली तरी पाच की सहा हे लगेच कळते. संशयित शब्द आणि हाताने टाइप केलेला शब्द एकाखाली एक ठेवून दोघांचे क्रमांक लिहून काढले, तर दहा मिनिटांत जे समजते ते स्क्रिप्टकडे तासभर बघत बसून समजत नाही.

लहान-मोठ्या रोमन अक्षरांचा प्रश्नही याच जातीचा. कृतिदेवमध्ये लहान एच म्हणजे दीर्घ वेलांटी आणि मोठा एच म्हणजे भ्. लहान एम म्हणजे उ, मोठा म्हणजे ड. नोटपॅड प्लस प्लसच्या शोध-बदल खिडकीत ‘मॅच केस’ची खूण आपोआप लागलेली नसते. ती न लावता मॅक्रो नोंदवला, तर एडिटर लहान आणि मोठे अक्षर एकच समजतो. लहान अक्षरांचे नियम आधी चालले, तर ‘पवनी’ नीट उतरते, कारण त्यात मोठे अक्षर नाही. ‘भंडारा’तला ड मात्र उ होऊन बसतो. काही शब्द बरोबर आणि काही पूर्ण बिघडलेले, असे दिसले की आधी ही खूण पाहावी.

ऱ्हस्व वेलांटी आणि रफार यांच्यामुळे रूपांतराची बहुतेक घरगुती साधने लंगडी पडतात. टंकयंत्रावर ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी उमटवावी लागे, कारण कागदावर ती डाव्या बाजूला दिसते. कृतिदेवने तोच क्रम ठेवला. युनिकोडमध्ये अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठतात : आधी व्यंजन, मग वेलांटी. म्हणून स्क्रिप्टला वेलांटी उचलून पुढे न्यावी लागते. ‘जिल्हा’मध्ये ती एका ज वरून उडी मारते आणि सगळे ठीक होते. ‘स्थिती’मध्ये तिला स् आणि थ दोन्ही ओलांडायचे असतात. एकच अक्षर ओलांडणारी स्क्रिप्ट तिला मध्येच सोडते आणि ‘स्िथती’ असे काहीतरी होते. नियम असा हवा की पाय मोडलेली व्यंजने असतील तितकी ओलांडून, त्यापुढच्या पहिल्या पूर्ण व्यंजनानंतर वेलांटी ठेवावी.

रफाराचा प्रवास उलट्या दिशेचा. तो अक्षराच्या उजव्या खांद्यावर दिसतो, म्हणून जुन्या फाँटमध्ये पूर्ण अक्षर टाइप झाल्यावर येतो. उच्चारात तो आधी असतो. ‘कार्यालय’मध्ये रफाराला काना आणि य, दोघांच्याही मागे जावे लागते. एकच पाऊल मागे गेला तर ‘कायर्ालय’ होते, आणि हे रूप जुन्या मराठी संग्रहांत वाचकांनी पाहिलेले असते. स्क्रिप्टची चाचणी घेताना म्हणूनच ‘कमळ’, ‘नवल’ असले सरळ शब्द पुरेसे नाहीत. जिल्हा, स्थिती, कार्यालय, भंडारा आणि आसगाव एवढे पाच शब्द बरोबर उतरले, तर स्क्रिप्टवर बराच विश्वास टाकता येतो.

यादीत खरे रोमन अक्षर असेल तर वेगळाच घोळ होतो. बँकेचा आयएफएससी कोड अकरा अक्षर-अंकांचा असतो : चार रोमन अक्षरे, मग शून्य, मग सहा अक्षर-अंक. मूळ कागदात तो इंग्रजी फाँटमध्ये आणि नाव कृतिदेवमध्ये असते. साध्या मजकुरात दोघेही रोमनच, त्यामुळे स्क्रिप्ट कोडचेही देवनागरी करून टाकते. पैसे जमा होण्याच्या यादीत असे झाले तर नुकसान खऱ्या माणसाचे होते. हा आकृतिबंध ठरलेला असल्यामुळे स्क्रिप्टने असे कोड आधी शोधून बाजूला काढावेत, त्यांच्या जागी खुणा ठेवाव्यात आणि शेवटी ते परत बसवावेत. त्याहून चांगला मार्ग म्हणजे मजकूर वर्डमधून बाहेर काढण्यापूर्वीच, फाँटची माहिती हाताशी असताना, इंग्रजी भाग वेगळा करणे.

फाइल कोणत्या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे साठवलेल्या बाइटची अक्षरे करण्याच्या कोणत्या पद्धतीने, उघडली हा प्रश्न वरवरचा वाटतो, पण स्क्रिप्टवर येणारे निम्मे आरोप खरे त्याच्यावर जायला हवेत. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी अक्षर तीन बाइटचे असते. आसगावचे पाच घटक म्हणजे पंधरा बाइट. अशी फाइल विंडोजच्या जुन्या पाश्चात्त्य एन्कोडिंगमध्ये उघडली की तीन बाइटची तीन वेगळी चिन्हे होतात, आणि ओळभर डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए व त्याच्याशेजारी चलनाचे किंवा येनचे चिन्ह असे जोडपे पुन्हा पुन्हा दिसते. हे दृश्य भीतीदायक, पण बिघाड मामुली : फाइल सेव्ह न करता बंद करून योग्य एन्कोडिंगमध्ये उघडली की मजकूर जसाच्या तसा परत येतो. अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसू लागली आणि ती तशीच सेव्ह झाली असेल, तर मात्र मजकूर गेला. प्रश्नचिन्हामागे काय होते हे कोणतीही स्क्रिप्ट सांगू शकत नाही. या दोन बिघाडांतला फरक ओळखणे फार महत्त्वाचे आहे, कारण पहिल्यात माणसे घाबरून भलतेच काही करतात आणि तो दुसऱ्यात बदलतो.

मजकूर युनिकोडमध्ये आला की रेग्युलर एक्स्प्रेशनची पाळी. शोधण्याच्या या सांकेतिक भाषेत टिंब म्हणजे ‘कोणतेही एक अक्षर’, आणि कंस म्हणजे गट. मराठी पत्ता तर टिंबांनी आणि कंसांनी भरलेला. ‘ता.’ शोधून ‘तालुका’ घालायचे ठरवले आणि रेग्युलर एक्स्प्रेशन चालू असेल, तर ‘तारीख’मधला ‘तार’ही त्यात सापडतो आणि ‘तालुकाीख’ तयार होते. ‘जि.’ला ‘जिल’ सापडतो आणि ‘जिल्हा’ या धडधाकट शब्दाचे ‘जिल्हा्हा’ होते. ‘आसगाव (चौ.)’ हे तर या चुकीचे नमुनेदार उदाहरण. तसेच्या तसे शोधचौकटीत टाकले, तर त्याला मजकुरातले ‘आसगाव (चौ.)’ सापडतच नाही, कारण मजकुरातला कंस ओळखायला सांगितलेलेच नाही. सापडते ते ‘आसगाव चौक’! चौ आणि त्यापुढे कोणतेही एक अक्षर, ही अट ‘चौक’ पूर्ण करतो. कंस आणि टिंब यांच्याआधी उलटी तिरकी रेघ दिली की ते आपल्या साध्या अर्थाने वाचले जातात. नोटपॅड प्लस प्लसमध्ये बदलाच्या चौकटीतही ही काळजी घ्यावी लागते. तिथे उघडा कंस लिहिला तर तो गळून जातो आणि ‘आसगाव चौ.’ एवढेच उरते. ज्या बदलाला आकृतिबंधाची गरज नाही, तिथे रेग्युलर एक्स्प्रेशन बंदच ठेवणे उत्तम.

‘पूर्ण शब्दच शोध’ ही सूचना इंग्रजीत निर्धोक आहे, मराठीत नाही. शब्दाची सीमा म्हणजे शब्दाचे अक्षर आणि इतर काहीतरी यांच्यामधली जागा. पायथॉनचे नेहमीचे रेग्युलर एक्स्प्रेशन व्यंजने व स्वर यांना शब्दाची अक्षरे मानते, पण काना-मात्रा-वेलांटी यांना मानत नाही. परिणाम विचित्र होतो. दोन्ही बाजूंना शब्दसीमा लावून शोधले तर ‘आसगाव’ सापडते, कारण ते व वर संपते. ‘पवनी’ वेलांटीवर संपते आणि ‘भंडारा’ कान्यावर. त्यापुढे रिकामी जागा आली तर दोन्ही बाजू ‘शब्दाबाहेरच्या’ ठरतात, सीमा उरत नाही आणि शोध रिकामा परततो. एकाच ओळीतली तीन नावे, त्यांतले एकच सापडते. कारण ठाऊक नसेल तर माणूस तासन्‌तास स्वतःच्या टायपिंगमध्ये चूक शोधत राहतो. व्हीएस कोड ज्या जावास्क्रिप्टच्या नियमांवर चालतो, तिथे कोणतेच देवनागरी अक्षर शब्दाचे मानले जात नाही, म्हणून तिथे आसगावही सापडत नाही. उपाय म्हणजे शब्दसीमेची खूण सोडून ‘आधी आणि नंतर ०९०० ते ०९७एफ या पट्ट्यातले अक्षर नसावे’ अशी अट स्वतः लिहिणे.

तरीही मराठीचे व्याकरण आडवे येतेच. नाव मजकुरात क्वचितच एकटे असते : आसगावात, आसगावला, आसगावच्या. पूर्ण शब्दाची अट घातली की ही रूपे सुटतात, आणि काढली की भलतेच शब्द अडकतात. भंडाऱ्याच्या बाबतीत तर मूळ रूपच बदलते. ‘भंडाऱ्याहून’मध्ये ‘भंडारा’ हा अक्षरक्रम नाही, आणि जो ऱ्य आहे तोही दोन तऱ्हांनी साठवलेला असू शकतो : ऱ या वेगळ्या अक्षराचा पाय मोडून, किंवा साधा र, हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचे अदृश्य जोडचिन्ह घालून. ‘शेतकऱ्यांची यादी’ या शीर्षकाचीच दोन रूपे एका फाइलमध्ये निघू शकतात. युनिकोडचे प्रमाणीकरण ऱ आणि नुक्ता दिलेला र यांना एक करते, पण जोडचिन्हाचे रूप त्यात मिसळत नाही. त्यासाठी स्क्रिप्टमध्ये वेगळी ओळ लिहावी लागते. लेखनाचा फरकही धरायला हवा. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, तरी जुन्या कागदांत ‘आसगांव’ आणि नव्यात ‘आसगाव’ अशी दोन्ही रूपे राहतात. हा स्क्रिप्टचा दोष नव्हे. दोन्ही रूपे तिला आधी सांगायला हवी होती.

स्क्रिप्टच्या बांधणीतले काही दोष मराठीत आले की उघडे पडतात. नोटपॅड प्लस प्लसचा गाभा असलेला सिंटिला हा घटक मजकुरातली जागा अक्षरांत न मोजता बाइटमध्ये मोजतो. इंग्रजी मजकुरात दोन्ही मोजमापे एकच, त्यामुळे ‘पाच जागा पुढे जा’ असे लिहिलेली स्क्रिप्ट तिथे वर्षानुवर्षे बिनबोभाट चालते. आसगाववर मात्र पाच जागा म्हणजे आ संपून स च्या मध्यभागी, आणि तिथे तोडले की अक्षर फुटते. दुसरा दोष म्हणजे सर्व जागा आधी टिपून ठेवून वरून खाली बदल करत येणे. पहिल्याच बदलाने मजकूर लांबला की खालच्या टिपलेल्या सगळ्या जागा सरकतात. पहिली नोंद बरोबर, दुसरी थोडी चुकलेली, शेवटची पार बिघडलेली अशी वाढत जाणारी चूक दिसली तर कारण हेच. खालून वर बदल करत गेले की प्रश्न मिटतो. तिसरा दोष स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालवली की कळतो : ‘आसगाव’चे ‘आसगाव (चौ.)’ करणारा नियम पुन्हा चालला की ‘आसगाव (चौ.) (चौ.)’ तयार होते. ‘पुढे कंस नसेल तरच’ एवढी अट त्याला पुरते.

स्क्रिप्ट सुरूच होत नाही, असे असेल तर गोष्ट उलट सोपी असते. पायथॉनमध्ये बहुधा ओळीच्या सुरुवातीच्या जागेत टॅब आणि स्पेस मिसळलेले असतात, आणि संदेशात ओळीचा क्रमांकही येतो. एडिटरमध्ये अदृश्य चिन्हे दाखवण्याची सोय चालू केली की टॅब बाण होऊन आणि स्पेस ठिपका होऊन दिसते.

चूक शोधण्याची रीत या सगळ्यातूनच ठरते. मूळ फाइलची प्रत आधी वेगळ्या नावाने ठेवायची आणि तिला हात लावायचा नाही. मग हजार ओळींतून बिघडलेली एकच ओळ नव्या फाइलमध्ये घ्यायची, आणि बिघाड राहील तोवर तिच्यातले शब्द कमी करत जायचे. ‘मु. पो. आसगाव (चौ.), ता. पवनी, जि. भंडारा’मधून शेवटी ‘आ’ एवढेच उरले आणि तरी शोध लागत नसेल, तर दोष कंसात नाही, टिंबात नाही, गावाच्या नावातही नाही. तो एका अक्षराच्या साठवणीत आहे. स्क्रिप्टमधले नियमही असेच निम्मे-निम्मे बंद करून पाहायचे. चाळीस नियमांतला दोषी नियम पाच-सहा फेऱ्यांत हाती लागतो. एका फेरीत एकच बदल करायचा. दोन केले आणि दोष गेला, तर कोणत्या बदलाने गेला हे कळत नाही, आणि अनावश्यक बदल स्क्रिप्टमध्ये कायमचा राहून पुढच्या यादीत त्रास देतो.

सापडलेली प्रत्येक चूक चाचणीच्या फाइलमध्ये एक ओळ म्हणून ठेवावी : डावीकडे मूळ मजकूर, उजवीकडे हवे ते रूप. स्क्रिप्टमध्ये काही बदलले की आधी ही फाइल चालवायची. खऱ्या यादीवर चालवल्यानंतर आधीच्या आणि नंतरच्या ओळींची संख्या जुळवायची, आयएफएससी कोड किती होते आणि किती राहिले ते मोजायचे, आणि ‘आसगाव’ हाताने टाइप करून किती ठिकाणी सापडते तो आकडा मूळ फाइलमधल्या व्ही-के-एल-एक्स-के-ओच्या आकड्याशी ताडून पाहायचा.